दोन फुटांचा पाइप

माझी जुनी गाडी विकत घेणारा मुलगा ती न्यायला दहाला येणार होता, म्हणून आठलाच मी डिकी उघडली आणि एकेक वस्तू ओटीवर आणून ठेवू लागले. अकरा वर्षं वापरलेली लहान गाडी. दोन बॅगा ठेवल्या की भरणारी तिची डिकी. तिच्यातून निघालं काय काय, तर जॅक, पाना, पायाने मारायचा पंप, दोन गोणपाटं, नायलॉनचा दोर, कोयता, पाच लिटरचा पाण्याचा कॅन, तीन टॉर्च (पेटणारा एकच), कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी, जुनी चादर, हातमोजे आणि दोन फुटांचा लोखंडी पाइप. शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून बघत होत्या. "ताई, दरोडा घालायला निघालात की काय?" कोयता, दोर आणि पाइप शेजारी शेजारी पडलेले बघून त्यांना तसं वाटलं, ह्यात त्यांची चूक नव्हती.

मी राहते शहापुरात आणि विज्ञान शिकवते मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत. सापगावच्या पुलावरून भातसा ओलांडायची, किन्हवली मागे टाकायची, सरळगावला माळशेजच्या रस्त्याला लागायचं, हा रोजचा क्रम. ह्या रस्त्यावर काय काय लागेल ह्याची यादी मी कधी बसून केली नाही. मासिकांत तशा याद्या येतात, पण त्या वाचून मी एकही वस्तू घेतलेली नाही. ओटीवर जे पडलं होतं त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू गाडीत आली ती तिची गरज पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. दोर आला तो गाडी ओढून न्यायला दुसऱ्याचा दोर मागावा लागल्यावर. गोणपाटं आली ती पुढची चाकं चिखलात गरगर फिरून रुतत गेली आणि आवणीवरून परतणाऱ्या बायकांनी चाकांखाली पेंढा घालून मला बाहेर काढलं त्यानंतर. आमची डिकी कायम एका फजितीने मागे.

पाइपाचं तर हसूच येतं. गाडी घेतल्याच्या पहिल्याच मे महिन्यात किन्हवलीच्या पुढे मागचं चाक बसलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी पुस्तिका काढली, जॅक लावला, गाडी नीट उचलली आणि मग पाना नटाला लावून जोर केला, तर नटाबरोबर चाकच फिरायला लागलं. एका हाताने चाक धरून बघितलं, पाय लावून बघितला. घाम निथळतोय, चाक गोल गोल फिरतंय. बांधावरून एक आजोबा बराच वेळ हे बघत उभे असावेत. कमरेला आकडी, आकडीत कोयता, डोक्याला टॉवेल. ते सावकाश खाली आले आणि म्हणाले, "बाय, चाक आधी खाली घे. भुईला टेकलं की भुईच धरंल त्याला."

ह्या माणसाने जन्मात मोटार चालवलेली नव्हती. मी चाक खाली घेतलं. तरी नट हलेना. गॅरेजात तो हवेच्या बंदुकीने आवळलेला, तो माझ्या मनगटाने कसा सुटणार? आजोबा परत बांधावर गेले आणि पाण्याच्या मोटारीच्या जुन्या पाइपाचा एक तुकडा घेऊन आले. तो त्यांनी पान्याच्या दांड्यावर चढवला आणि टोकाला नुसता हात ठेवून दाबला. कट् असा आवाज झाला. उरलेले तीन मी सोडवले, त्यांनी फक्त बघितलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मी वर्गात तरफ शिकवली होती. टेकू, भार, बल, फळ्यावर तिन्ही प्रकारांच्या आकृत्या, परीक्षेत चार गुणांचा प्रश्न. दांडा लांबला की बल कमी लागतं हे वाक्य मी दरवर्षी उभ्या वर्गाकडून म्हणवून घेते. आणि रस्त्यावर पान्यावर उड्या मारत होते! पाइप परत द्यायला गेले तर आजोबा म्हणाले, "राहू दे गाडीत. तुला लागंल." म्हणजे तो पाइप विकत घेतलेलाही नाही. पुढच्या वर्षापासून तो तरफेच्या पाठाला वर्गात येऊ लागला. मुलं त्याला 'मॅडमचा पाइप' म्हणतात.

आपण ज्याला स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या एका रस्त्याच्या नावावरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक काढलं. आऱ्या नसलेली, टायर चढवलेली ती एक धाव होती आणि फुटलेल्या चाकावरच ती चापांनी अडकवायची. त्याआधी मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यात बसून काढत बसा. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवरचा, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. खुद्द इंग्रज हा शब्द आता विसरलेत, आपल्या पंक्चरवाल्यांनी मात्र तो जपून ठेवलाय. (त्याला चिकटलेला दुसरा, चावट अर्थ स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी काढतोच, तो इथे सोडून देते.) माझ्या नव्या गाडीला स्टेपनी नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर लहान गाडीला जादा चाकाची सक्ती नाही. शोरूममधल्या मुलाने हवा भरायचं छोटं यंत्र आणि चिकट द्रावणाची बाटली दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, हात काळे करायची गरजच नाही." खिळा रुतला तर खरंच नाही. पण आमच्याकडे टायरला खिळ्याने भोक पडतं त्यापेक्षा खड्ड्याच्या धारेने तो बाजूने फाटतो. खडी वाहणाऱ्या डंपरांमागे एक पावसाळा गाडी चालवली की कळतं. फाटलेल्या बाजूला बाटलीतलं द्रावण काही करू शकत नाही. एकशे सोळा वर्षांत आपण पुन्हा लानेलीच्या आधी येऊन उभे राहिलो, असं मला वाटलं. त्या मुलाला हे सांगितलं नाही. तो बिचारा वेगळ्याच टार्गेटमागे होता.

हातमोज्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

घाटात ट्रक बंद पडला की क्लिनर खाली उडी मारून आधी दगड गोळा करतो. दोन चाकांना लावायचे, बाकीचे मागे पंधरा-वीस पावलांवर ओळीत मांडायचे, वर झाडाची फांदी. रस्त्यात हिरवी फांदी दिसली म्हणजे पुढे कुणीतरी अडलंय, हे माळशेज किंवा कसारा घाटातून जाणाऱ्या कुणालाही शिकवावं लागत नाही. तिथवर ही पद्धत चोख आहे. पण दोन-तीन तासांनी ट्रक चालू होतो, क्लिनर धावत जाऊन दार पकडतो, आणि दगड तिथेच राहतात. फांदी वाऱ्याने उडते किंवा शेळी खाते. रात्री डांबरावर काळे दगड, आणि मागून दुचाकी. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील दूध घालून परतताना अशा दगडावर आपटले. जिवावरचं पायावर गेलं, पण तो पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

तेव्हापासून असे दगड दिसले की मी गाडी बाजूला घेऊन ते उचलते. पहिल्यांदा उचलले तेव्हा एकाखाली विंचू होता, दुसऱ्या दिवशी हातमोजे आले. येणारेजाणारे चमत्कारिक नजरेने बघतात. एका रिक्षावाल्याने थांबून विचारलंही, "काय हरवलं का मॅडम?" हरवलेलं काही नाही म्हटल्यावर त्यालाच चुकल्यासारखं झालं आणि तोही उतरून दोन दगड टाकू लागला.

क्लिनर लोकांविषयी माझं तेव्हा बरंच वाईट मत होतं. दगड मांडणाऱ्याला ते उचलायला काय होतं? गाडीबरोबर मला घडीचा लाल त्रिकोण मिळाला होता. दगडांऐवजी ट्रकवाल्यांनी तो का वापरू नये, असं मी बोलून दाखवत असे. मग एका संध्याकाळी सरळगावच्या अलीकडे माझी गाडी बंद पडली. मी तो त्रिकोण ऐटीत मागे नेऊन उभा केला. पहिला डंपर गेला, त्याच्या वाऱ्याने त्रिकोण आडवा. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. शेवटी त्याच्या पायावर दगड ठेवला, तोही चांगला मोठा. मेकॅनिक आला, बॅटरीची तार घासून बसवली, गाडी चालू झाली, अंधार पडत होता, मी निघाले. शहापूरला पोचल्यावर लक्षात आलं की त्रिकोण तिथेच राहिला, आणि दगडही. चालू झालेल्या गाडीत बसलेल्या माणसाला मागचं काही आठवत नाही, मग तो क्लिनर असो की दगड उचलत फिरणारी बाई. सकाळी शाळेला जाताना बघितलं तर दगड होता. त्रिकोण कुणीतरी नेला होता.

साबणाची वडी पेट्रोलच्या टाकीसाठी. टाकी कुठे पाझरली तर साबण ओला करून तिथे दाबून बसवायचा, तेवढ्यावर गॅरेज गाठता येतं. रेडिएटर गळला तर हळद, वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू चोळायची, हे शहाणपणही मला मिळालंय. हळद मी ठेवत नाही. मेकॅनिक सांगतात की ती भोक बुजवते आणि त्याबरोबर बाकीच्या बारीक नळ्याही. तंबाखू बाळगायची तर शिक्षिकेच्या गाडीत ती कशी काय, हे समजावत बसावं लागेल.

माझ्या माहेरी बैलगाडी होती. पौषात म्हशाच्या जत्रेला निघायचं तर आजोबा आदल्या संध्याकाळी गाडीखाली वाकून बसत. वंगणाचा बांबूचा नळा, जादा दोरखंड, आसाला लागली तर खीळ, आडाला कंदील, बैलांना पेंढ्याची पेंढी. आजी आपलं वेगळं बांधायची. भाकरी, ठेचा, चुन्याची डबी, फडक्यात हळद. तिची पुरचुंडी आणि माझी डिकी ह्यात फारसा फरक नाही. फरक आहे तो ह्या दोघांमध्ये आणि त्या बांधावरच्या आजोबांमध्ये. त्यांच्या कमरेला आकडी, आकडीत कोयता, बास. काटा काढायला, वाट मोकळी करायला, फोक तोडायला, नारळ सोलायलाही तोच. ठाकरांच्या पाड्यांवरून खाली उतरणाऱ्या माणसाची सगळी तयारी अंगावर असते. पावसात डोक्यावर इरलं आलं की संपलं. माझा कोयताही त्यांच्याकडूनच शिकलेला. एका जूनमध्ये ऐनाचं झाड रस्त्यावर आडवं पडलं, दोन्ही बाजूंना गाड्या. गाड्यांतली माणसं फोन काढून झाडाचे फोटो घेत होती. एसटीतून सात-आठ जण उतरले, कमरेचे कोयते काढले आणि अर्ध्या तासात एक गाडी जाईल एवढी वाट केली. मी फांद्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या बाजारातून कोयता आणला. तो चालवायला मला अजून नीट येत नाही, पण असला की दुसऱ्याच्या हातात देता येतो.

पाण्याचा कॅन खरं तर गाडीसाठी होता. आता गाड्यांना तसं पाणी लागत नाही, तरी तो राहिला, कारण एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या बायका हात करतात, कडेवर पोर असतं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतेय, मागाहून वैतरणा आणि भातसाही आल्या. ज्या तालुक्यातून मुंबईची तहान भागते, तिथल्या रस्त्यावरून जाताना गाडीत पिण्याचं पाणी घेऊन निघायचं, ह्या विषयावर मी वर्गात काही बोलत नाही. मुलांना तो माझ्यापेक्षा चांगला येतो.

कपड्यांची पिशवी मात्र मी ओटीवर काढली नव्हती. जुलै २०२१ मध्ये भातसेचं पाणी सापगावच्या पुलावर चढलं आणि तिकडे रायत्याला उल्हासने कल्याणचाही रस्ता बंद केला. मी मुरबाडला एका बाईंकडे दोन रात्री त्यांच्याच गाऊनमध्ये काढल्या. रक्तदाबाच्या गोळ्या घरी. तेव्हापासून एक ड्रेस, ब्रश आणि गोळ्यांचं पाकीट पावसाळाभर मागच्या सीटवर असतं.

आता चादर. ती डिकीत होती ती सहज, कुठे पाहुण्यांकडे नेलेली राहून गेलेली. चार वर्षांपूर्वी जूनच्या शेवटी शाळेतून निघायला उशीर झाला. पाऊस थांबलेला, आभाळ उतरलेलं. वळणावर चार माणसं झोळी घेऊन रस्त्याला येत होती. बांबूला घोंगडी बांधलेली, आत एक बाई. राबातून रोपं काढताना पायाला काहीतरी चावलं होतं. १०८ ला फोन लावायचा तर खालच्या पाड्यापर्यंत रेंज नाही. ही सेवा राज्यात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तिने किती जीव वाचवले ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण ज्या रस्त्याला रेंज नाही त्या रस्त्याला तो आकडा कळत नाही.

सीट पाडून चादर अंथरली, बाईला आडवं केलं. तिच्या दिराने गुडघ्याखाली सुतळी करकचून बांधली होती. माझ्या प्रथमोपचाराच्या डब्यात मीच घालून ठेवलेलं एक ब्लेड होतं आणि रबराची नळी. आम्ही शाळेत असताना हेच शिकलो. वर घट्ट बांधा, जखमेवर चीर द्या. डबा उघडला आणि ते ब्लेड बघून मीच घाबरले. आदल्याच वर्षी शाळेत आरोग्य खात्याचं शिबिर झालं होतं. त्यात डॉक्टर एकच सांगत होते की कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, माणसाला हलू देऊ नका आणि दवाखान्यात न्या. बांधल्याने विष थांबत नाही, रक्त थांबतं, आणि पाय जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवर मिळून एकच औषध आहे. घोड्यांच्या रक्तातून काढलेलं ते औषध शिरेतून द्यावं लागतं. ते माझ्या डिकीत नाही, कुणाच्याच डिकीत असू शकत नाही. डिकीतलं काहीही तिच्या उपयोगाचं नव्हतं, उपयोगाची होती ती गाडी. सुतळी तिथे सोडायचं धाडस झालं नाही, दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडू म्हटलं. पायाला काठी लावून पाय हलणार नाही असं केलं आणि निघालो. दीर मागे बसून सारखा म्हणत होता, "वहिनी, झोपू नको गं, झोपू नको." पहिल्या दवाखान्यात औषध नव्हतं. त्यांनी पुढे पाठवलं. तिथे मिळालं.

ब्लेड आणि नळी मी त्याच रात्री कचऱ्यात टाकली. डिकीतून जाणीवपूर्वक कमी केलेल्या वस्तू ह्या दोनच.

पुढच्या जूनमध्ये ती बाई शाळेच्या फाटकाशी उभी होती. चालताना जरा लंगडत होती. शेवळांची जुडी घेऊन आलेली. पहिल्या पावसात रानात उगवणारी ही भाजी तशीच खाल्ली तर घशाला भयंकर खाज सुटते. म्हणून आमच्याकडच्या बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर काकडाची आंबट फळं देतात. ती घातली की खाज मरते. शहरातले लोक शेवळं घेतात आणि ही हिरवी गोटीएवढी फळं कशाला म्हणून तिथेच ठेवून येतात. तिने जुडीतच काकडं बांधून आणली होती आणि तरी दोनदा बजावलं, "बाई, टाकू नका हां ती. त्याच्याबिगर खाऊ नका."

दहाला मुलगा आला. डोळखांबकडचा, आसनगाव स्टेशनावर भाड्याला गाडी लावणार होता. टायर बघितले, इंजिन ऐकलं, कागद मोजले. मग ओटीवर नजर गेली. "मॅडम, हे पण गाडीबरोबर ना?" मी नव्या गाडीचा विचार करत होते, तिच्या गुळगुळीत, रिकाम्या डिकीचा. म्हटलं, ने. त्याने सगळं गोणपाटात गुंडाळून पाच मिनिटांत आत टाकलं. मी कुठे काय ठेवायचं ते सांगत होते, तो हो हो म्हणत होता, ऐकत नव्हता. विशीतला मुलगा. गाडी गल्लीच्या वळणावर गेली.

पाइप राहिला. वाऱ्याने दार आपटतं म्हणून वहिनींनी मधेच तो दाराला लावून ठेवला होता.

आठवड्याभराने रात्री नऊला फोन आला. मागे पावसाचा आवाज, लांबून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न. "मॅडम, पंक्चर झालीय. नट निघत नाय. ते सामानात पाइप होता ना, तो कुठंय?"

मी दाराकडे बघितलं. पाइप तिथेच होता.

"जॅक लावलास?" मी विचारलं.

"कवाच लावलाय. चाकच फिरतंय सारखं."

"आधी खाली घे," मी म्हटलं.